आयर्लंडची खेडी: फुटबॉलवर तासभर, गर्भपातावर अवाक्षर नाही

शॅननकाठी

मागे एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं की आयर्लंडसारखा कट्टर कॅथलिक देश एकदम असा कसा बदलला. उत्तरं ठरलेली आली: डब्लिन, आयटी, परत आलेली तरुण पिढी. तिथे लिहिणार होतो, पण लांबलं असतं म्हणून वेगळा धागा.

मी रॉसकॉमन काउंटीत राहतो. गुरं, मेंढ्या, पाऊस आणि फुटबॉल. फुटबॉल म्हणजे इथे गेलिक फुटबॉल. एका बाजूला पंधरा जण, चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण चार पावलांनंतर आपटायचा किंवा पायाने हातात परत घ्यायचा. जाळ्यात गेला तर तीन गुण, आडव्या दांडीवरून गेला तर एक, आणि २०२५ पासून चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून मारला तर दोन. या दोन गुणांवर इथे जेवढी भांडणं झाली तेवढी मी बांधावरूनही झालेली पाहिली नाहीत. खेळाडूंना पगार नाही. काउंटीकडून खेळणारा पोरगा सोमवारी शाळेत गणित शिकवतो किंवा कुणाच्या तरी घराची वायरिंग करतो.

क्लब असतो पॅरिशचा, म्हणजे चर्चच्या हद्दीचा. ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा, त्याच हद्दीचा क्लब. जीएए (गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, म्हणजे गेलिक खेळांची देशव्यापी संघटना) १८८४ मध्ये थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात स्थापन झाली आणि तिचे पहिले आश्रयदाते होते कॅशेलचे आर्चबिशप क्रोक. डब्लिनचं ८२ हजारांचं क्रोक पार्क त्यांच्याच नावाचं. अनेक दशकं अंतिम सामन्याचा चेंडू बिशप टाकायचे आणि कप्तान त्यांच्या अंगठीचं चुंबन घ्यायचा. त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की फुटबॉल, चर्च आणि गर्भपातविरोध हे एकच गाठोडं आहे.

१९८३ मध्ये ते होतंही. त्या वर्षी सार्वमताने राज्यघटनेत आठवी दुरुस्ती आली: न जन्मलेल्या जीवाचा हक्क आईच्या जीवाच्या हक्काइतकाच. देशभरात ६७ टक्के बाजूने, आणि आमच्या पश्चिमेकडच्या ग्रामीण भागात दहातली आठ मतं.

२५ मे २०१८ ला तीच दुरुस्ती काढण्यासाठी मतदान झालं. मी नागरिक नव्हतो, त्यामुळे मत नव्हतं, नुसता बघत होतो. इथल्या खांबाखांबावर 'नाही'चे फलक. त्याच्या तीन वर्षं आधी समलिंगी विवाहाला 'नाही' म्हणणारा देशातला एकमेव मतदारसंघ आमचाच होता, रॉसकॉमन-साउथ लीट्रिम. त्यामुळे पत्रकार इथे येऊन म्हाताऱ्यांचे फोटो काढून जात होते. निकाल लागला तेव्हा देशात ६६.४ टक्के 'हो', आणि रॉसकॉमन-गॉलवेत ५७ टक्के 'हो'. शेजारी मेयोतही ५७. मतदानोत्तर चाचणीत ग्रामीण भागाचा आकडा साठच्या आसपास होता. डब्लिन वगळून मोजलं असतं तरी निकाल तोच लागला असता.

आता माझा मुद्दा. त्या वसंतात मी लेकीच्या सरावाला मैदानाच्या कडेला उभा असायचो. सोबत आयाबाया, आजोबा, ट्रॅक्टर लावून आलेले बाप. मेयोविरुद्ध मधल्या फळीत कोणाला खेळवावं यावर चाळीस मिनिटं. सार्वमतावर? शून्य. विचारलं तर "अवघड विषय आहे" म्हणून पुन्हा फुटबॉल. मी समजून चाललो होतो की हे सगळे 'नाही'वाले. तेव्हाचे पंतप्रधान लिओ वराडकर (वडील आपल्या मुंबईचे) निकालानंतर 'शांत क्रांती' म्हणाले, ते मला शब्दशः पटतं. आरटीई या आयरिश सरकारी वाहिनीच्या मतदानोत्तर चाचणीत चारातल्या तिघांनी सांगितलं की आपलं मत आधीपासूनच पक्कं होतं, प्रचाराने काही बदललं नाही. म्हणजे ते कडेला उभं राहून फुटबॉल बोलत होते तेव्हाच ठरलेलं होतं.

खेड्यात माणूस ज्या विषयावर मोठ्याने बोलतो, त्यावर त्याच्या मतावरून कुणाचं काही बिघडत नाही. ज्यावर बिघडतं, त्यावर तो गप्प बसतो आणि मतपेटीत बोलतो. तुमचे अनुभव लिहा.

गुगली

म्हणजे फुटबॉल हाताने खेळतात, मत मनात ठेवतात, आणि आपल्याकडे दोन्ही उलटं. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

अतिशहाणा_रत्नागिरी

धागा रंजक, पण निष्कर्ष फार गोड आहे. ५७ टक्के 'हो' म्हणजे ४३ टक्के 'नाही'. दहातले चार लोक तुमच्याच मैदानावर उभे होते. ते गप्प होते याचंही काही कारण असेल ना? उद्या तुम्ही गप्प बसणारे सगळे मनातून पुरोगामी असं म्हणाल.

दुसरं, लोकमताच्या लाटेचं काय? २०१२ मध्ये गर्भपात नाकारल्यावर सविता हलप्पनवर गेली, त्यानंतर सगळं बदललं, मैदानावरच्या शांततेला कशाला श्रेय?

टिळकवाडीकर

सविता हलप्पनवर आमच्या बेळगावची. घर लिंगायत, कन्नड बोलणारं, पण बेळगावात कोणाचं काय हे इतकं वेगळं काढता येत नाही. २०१२ च्या नोव्हेंबरात बातमी फुटली तेव्हा आमच्या गल्लीत मराठी, कानडी दोन्ही घरांत तोच विषय होता. ३१ वर्षांची दंतवैद्य, सतरावा आठवडा, गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांनी सांगितलेलं. गर्भपात करा म्हणून तिने स्वतः मागणी केली, पण ठोके चालू आहेत म्हणून थांबवलं गेलं. 'हा कॅथलिक देश आहे' हे वाक्य तिला ऐकवलं गेल्याचं पुढे चौकशीत एका सुईणीने कबूल केलं. २८ ऑक्टोबरला जंतुसंसर्गाने गेली. नंतरच्या अधिकृत अहवालात तिला वाचवण्याच्या हुकलेल्या तेरा संधी मोजल्या आहेत.

आमच्याकडे लोकांना कळेना ते वेगळंच. आपल्याकडे १९७१ पासून कायदा आहे. त्याची शिफारस करणाऱ्या समितीचे अध्यक्ष शांतिलाल शाह हे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री. म्हणजे बेळगावच्या सरकारी दवाखान्यात जे झालं असतं ते युरोपात झालं नाही. २०१८ मध्ये तिच्या आईवडिलांनी इथून आयरिश मतदारांना 'हो' म्हणायचं आवाहन केलं होतं. डब्लिनमधल्या तिच्या भित्तिचित्रावर लोकांनी चिठ्ठ्या चिकटवल्या, त्यांचे फोटो आजही आमच्याकडे फिरतात.

शॅननकाठी, एक विचारतो. ते हॉस्पिटल गॉलवेचं. तुमच्या भागातल्या बायकाही तिथेच जातात ना?

शॅननकाठी

हो. पश्चिमेतलं गुंतागुंतीचं बाळंतपण गॉलवेलाच जातं. म्हणूनच इथे सविता ही 'बातमीतली बाई' नव्हती. आपली सून त्याच वॉर्डात होती किंवा असणार आहे, असा तो हिशोब होता. डब्लिनमध्ये मोर्चे निघाले. इथे निघाले नाहीत, पण हिशोब सगळ्यांनी केला.

अतिशहाणा, गप्प सगळेच होते, दोन्ही बाजूंचे. मुद्दा एवढाच की गप्प राहण्यावरून मत ओळखता येत नव्हतं, आणि बाहेरच्यांनी ते ओळखलंय असं धरून चाललं होतं.

डोनेगॉलची_वहिनी

मग मी बोलते, कारण आमचा जिल्हा देशातला एकटा 'नाही'. ५१.९ टक्के. नवरा इथला, सासर समुद्रकाठचं, दिराचा जीव डोनेगॉलच्या फुटबॉल संघात (२०२५ ची फायनल केरीने घेतली, त्या आठवड्यात आमच्याकडे स्वयंपाकघरातही कोणी मोठ्याने बोलत नव्हतं).

सासूबाईंनी 'नाही' दिलं. त्या दुष्ट नाहीत आणि पाद्र्याने सांगितलं म्हणून देणाऱ्यातल्याही नाहीत. सरळ म्हणतात, "मला बारा आठवड्यांपर्यंत कारण न विचारता हे पटलं नाही. सविताला वाचवायला हवं होतं, पण त्यासाठी एवढं उघडायची गरज नव्हती." असे कितीतरी. देशभर पासष्टच्या पुढचा एकच वयोगट 'नाही'कडे झुकला, आणि आमच्याकडे तरुण उरतात कुठे? ते डब्लिन, ग्लासगो, सिडनीत. मतदानाला विमानाने घरी आलेले बरेच होते, तरी आकडा पुरला नाही.

आणखी एक बाजू कुणी लिहिली नाही. आमचे 'नाही'वाले म्हणतात, "गावात पंधरा पोरं मिळत नाहीत, दोन पॅरिशचे संघ एकत्र करावे लागतात, शाळा बंद पडतायत, आणि तुम्ही हे काय आणताय?" तर्क म्हणून मला तो चुकीचा वाटतो. पोरं जातात ती घरं आणि नोकऱ्या नाहीत म्हणून. पण भावना खरी आहे. इथे गाव संपण्याची भीती पहिल्यांदा फुटबॉलच्या संघात दिसते.

फुटबॉल आणि 'नाही' यांचा संबंध अगदीच नव्हता असंही नाही. टिरोनचे तेव्हाचे प्रशिक्षक मिकी हार्ट उघडपणे 'नाही'च्या बाजूने उभे राहिले. गंमत म्हणजे टिरोन उत्तर आयर्लंडात, त्यामुळे त्यांना मतच नव्हतं. जीएएने मात्र संघटना म्हणून बाजू घेतली नाही.

गुगली

म्हणजे फुटबॉलला सरहद्द नाही आणि कायद्याला आहे?

डोनेगॉलची_वहिनी

अगदी. जीएए ३२ काउंट्यांची, त्यातल्या सहा ब्रिटनच्या. आम्ही अल्स्टर या उत्तरेकडच्या प्रांताच्या स्पर्धेत डेरी, टिरोन, आर्मा या पलीकडच्या काउंट्यांशी खेळतो. डेरी आमच्यापासून गाडीने जवळ. पण १९६७ चा ब्रिटिश गर्भपात कायदा उत्तरेला कधी लागूच नव्हता, त्यामुळे २०१९ च्या जानेवारीत आमच्याकडे सेवा सुरू झाली आणि डेरीच्या पोरींना ऑक्टोबर २०१९ पर्यंत फौजदारी कायद्याची भीती होती. तोवर दोन्हीकडच्या बायका इंग्लंडलाच जायच्या. एवढ्या बाबतीत तरी आयर्लंड एकसंध होतं म्हणायचं.

सुमेधा_कॉर्क

इंग्लंडचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. मी इथे खेड्यातल्या जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यात काम करते.

१९८० पासून पुढच्या चार दशकांत इंग्लंड-वेल्सच्या दवाखान्यांत आयरिश पत्ता देऊन गर्भपात केलेल्या बायका एक लाख सत्तर हजारांवर आहेत. २००१ मध्ये सर्वांत जास्त, ६,६०० च्या पुढे. खोटा पत्ता देणाऱ्या वेगळ्या. एवढ्याशा देशात हा आकडा म्हणजे प्रत्येक पॅरिशमधून कोणीतरी गेलंय. प्रत्येक क्लबच्या समितीतल्या कोणाची तरी बहीण, मुलगी, किंवा बायको.

एका वयस्क रुग्णबाईंनी मला सांगितलेलं (ओळख पटेल असं काही लिहीत नाही): घरच्यांना सांगितलं होतं की मैत्रिणीसोबत लिव्हरपूलची मॅच बघायला चाललोय. इथली निम्मी खेडी गेलिकबरोबर लिव्हरपूल नाहीतर मँचेस्टर युनायटेडचीही भक्त आहेत, शनिवारच्या बोटीने मॅचला जाणं अगदी नेहमीचं, कोणी वर मान करून बघत नाही. त्या बोटीवर लाल मफलर घातलेली पोरं गाणी म्हणत होती. तिनेही मफलर घेतला होता. परत आल्यावर बापाने स्कोअर विचारला. तिने बोटीवरच पाठ करून ठेवला होता. बापाला कळलं होतं का, हे तिला अजून माहीत नाही. २०१८ ला तो नव्वदीला टेकलेला होता आणि त्याने "मला मतदानाला घेऊन चल" एवढंच म्हटलं.

म्हणून शॅननकाठींचा मुद्दा मी थोडा पुढे नेईन. गावाला माहीत होतं. माहीत असून न बोलणं ही एक प्रकारची मायाही होती आणि क्रौर्यही.

मधुरा_लिमरिक

क्रौर्य जास्त, माझ्या मते. शांततेचं एवढं कौतुक बघून अस्वस्थ व्हायला झालं.

लाँगफर्डमधलं ग्रॅनार्ड. ३१ जानेवारी १९८४, म्हणजे आठवी दुरुस्ती आल्यावर पाच महिन्यांत. पंधरा वर्षांची अ‍ॅन लव्हेट शाळेतून निघाली आणि मेरीमातेच्या गुहेपाशी एकटीच बाळंत झाली. बाळ गेलं, तीही गेली. गाव लहान होतं. कोणाला काहीच दिसलं नव्हतं?

दुसरं गाव ट्यूम, गॉलवे काउंटी. फुटबॉलवाल्यांना हे नाव लगेच कळतं, तिथल्या सेंट जार्लथ्स शाळेने शालेय फुटबॉलचा हॉगन कप बारा वेळा जिंकलाय. त्याच गावात १९२५ ते १९६१ अविवाहित मातांचं गृह होतं. कॅथरिन कॉरलेस या स्थानिक इतिहास अभ्यासकाने ७९६ मुलांच्या मृत्यूच्या नोंदी शोधून काढल्या, त्यांच्या दफनाची नोंद सापडेना. उत्खनन सुरू झालं २०२५ मध्ये. कोणत्या वर्षी कोण गोलकीपर होता हे ज्या गावाला तोंडपाठ, त्या गावाला मुलं कुठे पुरली हे विचारायला एका बाईला जुन्या दफ्तरांत वर्षं घालवावी लागली.

शांत क्रांती वगैरे ठीक आहे. पण शांततेने आधी काय काय झाकलं तेही याच धाग्यात हवं.

शॅननकाठी

मधुराताई, हे यायलाच हवं होतं. मी शांततेचं कौतुक करत नाहीये, ती कशी चालते ते सांगत होतो. पण तुमचा प्रतिसाद वाचल्यावर माझ्या मूळ लेखात बायकांचा आवाज जवळजवळ नाही हे जाणवतंय.

अतिशहाणा_रत्नागिरी

बरं, मी एक वेगळा सिद्धांत मांडतो. आयरिश लोकांना काहीही बदलायचं असेल तर ते आधी समिती नेमतात. गर्भपातासाठी २०१६ मध्ये नागरिक सभा: चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडलेले ९९ सामान्य लोक आणि अध्यक्षपदी न्यायमूर्ती मेरी लॅफॉय. फुटबॉल रटाळ झाला म्हणून २०२४ मध्ये समिती, अध्यक्ष डब्लिनचे माजी प्रशिक्षक जिम गॅव्हिन. दोन्हींनी अपेक्षेपेक्षा धाडसी शिफारशी केल्या, दोन्ही मोठ्या बहुमताने मंजूर. म्हणजे शांतता वगैरे नाही, पद्धत आहे.

सुमेधा_कॉर्क

ओढूनताणून आणलंय. फुटबॉलच्या नियमाने कोणी मरत नव्हतं. पण अर्धी गोष्ट खरी आहे. नागरिक सभेत डॉक्टर, वकील, स्वतः त्यातून गेलेल्या बायकांची निवेदनं असं सगळं समोर आलं आणि खेड्यातल्या माणसाला 'आपल्यासारख्याच लोकांनी ऐकून ठरवलं' असं वाटलं. राजकारण्यांनी सांगितलं असतं तर नसतं वाटलं. फियाना फॉल या मोठ्या पक्षाचे नेते मीहॉल मार्टिन 'हो' म्हणाले, तर त्यांच्याच पक्षाच्या खासदारांचा मोठा गट 'नाही'चा फलक धरून फोटोला उभा राहिला. पक्षाचे खेड्यातले मतदार दोघांनाही न विचारता गेले.

गुगली

अवांतर: हेच गॅव्हिन पुढे २०२५ मध्ये राष्ट्रपतिपदाला उभे राहिले आणि प्रचार अर्धवट सोडून बाहेर पडले. चाळीस मीटरवरून दोन गुण मिळवणं सोपं असावं.

केरीचा_जावई

उशिरा आलो. केरीत हीली-रे बंधू हे अपक्ष खासदार दणदणीत निवडून येतात, दोघेही गर्भपाताच्या कडक विरोधात. केरीने २०१८ ला ५८ टक्के 'हो' दिलं आणि नंतर त्याच बंधूंना पुन्हा निवडून दिलं. माझ्या सासऱ्यांना विचारलं हे कसं काय. म्हणाले, "ते रस्त्याचे खड्डे बुजवतात. बायकांचं काय करायचं हे त्यांना कोण विचारतंय?" केरीत याहून लांब उत्तर फक्त फुटबॉलबद्दल मिळतं.

मेयोतही तसंच. २०१८ मध्ये 'हो', आणि २०२४ च्या निवडणुकीत गर्भपातविरोधी आन्तू पक्षाचा एक खासदार तिथूनच. बाकी मेयोच्या संघाला मिळालेला पाद्र्याचा शाप आठवा. १९५१ मध्ये विजयी संघाची मिरवणूक फॉक्सफर्ड गावातून जाताना अंत्ययात्रेसाठी थांबली नाही म्हणे, तेव्हा पाद्र्याने शाप दिला की या संघातला शेवटचा माणूस जिवंत असेपर्यंत पुन्हा कप नाही. १९८९ पासून अकरा अंतिम सामने हरले. २०२१ मध्ये त्या संघातला शेवटचा खेळाडूही गेला. कप अजून नाही. अर्धं मेयो हा शाप हसत हसत खरा मानतं. पाद्र्याची सत्ता उरली ती एवढ्यापुरती.

डोनेगॉलची_वहिनी

शाप आमच्याकडे पाठवा, आम्ही सासूबाईंकडून उतरवून घेऊ.

एक प्रश्न सगळ्यांना. आता, एवढ्या वर्षांनी, लोक बोलतात का? आमच्या घरात अजून नाही.

सुमेधा_कॉर्क

दवाखान्याचं दार लावल्यावर बोलतात. कायद्याने बारा आठवड्यांपर्यंत मिळतं, पण पहिल्या भेटीनंतर तीन दिवस थांबावं लागतं. शहरात ही नुसती कटकट आहे. जिथे दिवसाला दोन बस आणि सेवा देणारा डॉक्टर पुढच्या गावात, तिथे ती मोठी अडचण होते. सगळे जीपी ही सेवा देत नाहीत, दहातला एखादाच, आणि खेड्यात आपल्याच डॉक्टरकडे जायची लाज वेगळी, कारण तो क्लबच्या संघाचाही डॉक्टर असतो. कोविडपासून पहिली भेट फोनवर घेता येते, त्याने खेड्यातल्या बायकांचं बरंच सोपं झालं. बारा आठवडे उलटले तर अजूनही काही जणी इंग्लंडला जातातच.

शॅननकाठी

वहिनी, आमच्याकडे थोडं बदललंय, तेही बायकांकडून. लेक आता वरच्या वयोगटात खेळते. महिला फुटबॉलची संघटना वेगळी आहे, १९७४ ची, आणि ती जीएएत विलीन करायचं घाटतंय. त्याच्या बैठकीत मैदानाची वेळ कोणाला आधी, गरोदर खेळाडूचं नाव संघाच्या यादीत राहणार का, असे प्रश्न निघाले. एका प्रशिक्षक बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं की गर्भ राहिला आणि तो गेला तेव्हा तिने क्लबला 'गुडघा दुखतोय' असं कळवलं होतं. खोलीत पुरुष बसलेले होते. अध्यक्षांनी घसा साफ केला आणि म्हणाले, पुढच्या वेळी गुडघा सांगायची गरज पडू नये. मग मैदानाच्या वेळेवर पुढचा तासभर भांडण झालं, मुलींना मंगळवार मिळाला. मुलग्यांचे प्रशिक्षक अजून फुगलेत.